माणसं नऊ, संडास एक, न्हाणीघर एक : सकाळची कोंडी कशी सुटली

डोंबिवली पूर्वेला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. राहणारी माणसं नऊ: सासरे (म्हणजे अप्पा), सासूबाई, आम्ही दोघं, दहावीतली मुलगी, सहावीतला मुलगा, धाकटे भावोजी, जाऊ आणि त्यांची चार वर्षांची चिमुरडी. संडास आणि न्हाणीघर शेजारी शेजारी, पण वेगवेगळे. मध्ये चार इंची भिंत, बाहेर पॅसेजमध्ये बेसिन. सकाळी सहा ते आठ या दोन तासांत त्या पॅसेजमध्ये रोज कुणाचा ना कुणाचा आवाज चढायचा. शाळेची बस, दोघांच्या लोकल, सासूबाईंची पूजा, जावेचा डबा, सगळं त्या दोन दारांपाशी अडकायचं. गोष्ट इतकी ताणली गेली की भावोजींनी भाड्याने घर बघायला सुरुवात केली. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "वहिनी, एका बाथरूममध्ये नऊ माणसं भागत नाहीत."

गेली दोन वर्षं भागताहेत. नवीन बांधकाम काही केलेलं नाही. ज्यांच्या घरी हाच त्रास रोज होतो, त्यांच्यासाठी आम्ही काय शोधलं ते लिहिते आहे. आधी फसलेले उपाय सांगते, कारण सगळ्यात आधी तेच सुचतात.

पहिला उपाय अर्थातच वेळापत्रक. मुलीने छान आखून, रंगवून दारावर चिकटवलं. माणशी बारा मिनिटं. पाचव्या दिवशी तो कागद फाटलेला होता आणि कुणी फाडला हे कुणी सांगेना. पोटाला घड्याळ कळत नाही हे एक कारण. एकाला उशीर झाला की मागच्या सगळ्यांना उशीर होतो, हे दुसरं. पण खरी चूक वेगळीच होती. सगळ्यांना सारखी बारा मिनिटं देणं हा न्याय वाटतो, तो न्याय नाही. शहात्तर वर्षांच्या, साखरेचा आजार असलेल्या माणसाला आणि अकरा वर्षांच्या मुलाला सारखाच वेळ आणि सारखंच थांबणं, हे मुळात चूक होतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसरा विचार गॅलरीत संडास काढायचा. आमच्या गॅलरीखाली दुसऱ्या मजल्यावरच्यांचं स्वयंपाकघर येतं. सोसायटीने नकार दिला, आणि योग्यच केलं. सांडपाण्याची लाइन जिथे नाही तिथे ती ओढून नेली की आज ना उद्या खालच्यांच्या छतातून पाणी ठिबकतं.

तिसरा उपाय करता करता आम्ही थांबलो, आणि त्याचं मला अजून हायसं वाटतं. मधली भिंत पाडून एकच मोठं, चकचकीत टाइल्सचं बाथरूम करायचं. शेजारच्या इमारतीत बऱ्याच जणांनी केलंय. दिसायला फार सुंदर दिसतं. पण भिंत पाडली की एका वेळी दोन माणसांची सोय होती तिथे एकाचीच राहते, कारण दार एकच आणि कडी एकच. जुन्या इमारती बांधणाऱ्यांनी संडास वेगळा ठेवला त्यात शहाणपण होतं. घरात चारपेक्षा जास्त माणसं असतील तर कृपा करून ती भिंत पाडू नका. आधीच पाडली असेल तर कमोड आहे तिथेच ठेवून, मध्ये पक्कं पार्टिशन घालून दोन्हीकडे वेगळी दारं काढता येतात का ते चांगल्या गवंड्याला विचारा. नुसता पडदा लावून उपयोग होत नाही. पडद्यापलीकडे कुणी आंघोळ करत असताना अलीकडे कुणी बसत नाही.

मग आम्ही चार दिवस नोंद केली. दुधाचा हिशेब लिहितो त्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले. आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. बरोबर पेन्सिल दोरीने बांधून ठेवली. कुणी काय केलं हे लिहायचं नाही, नाव आणि वेळ तेवढी. सासूबाईंना आधी हे आवडलं नाही. "संडासाची का कुठे वही असते?" म्हणाल्या. पण चौथ्या दिवशी त्याच कॅलेंडर घेऊन माझ्याकडे आल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ, न्हाणीघर दोन तास दहा मिनिटं बंद होतं, आणि पाणी ओतल्याचा आवाज मला तासभरसुद्धा आला नाही." त्यांची खोली लागूनच आहे, त्यांना सगळं ऐकू येतं.

म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ आत आंघोळ चालतच नव्हती. मग काय चालत होतं?

गिझरचा हिशेब

सगळ्यात मोठा चोर इथे सापडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा गिझर १५ लिटरचा, २००० वॉटचा. बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत असाच असतो. नळाचं पाणी २५ अंश आणि गिझर ६० अंशांना आपोआप बंद होतो असं धरलं, तर टाकी पूर्ण तापायला १८ ते २० मिनिटं लागतात. आंघोळीला लागतं ४० अंशांच्या आसपासचं पाणी. १५ लिटर कढत पाण्यात २० लिटर गार मिसळलं की ३५ लिटर होतं, म्हणजे जेमतेम दोन बादल्या. जानेवारीत नळाचं पाणी गारठलेलं असतं तेव्हा तापायला वेळ जास्त आणि हाती पडतं ३० लिटर. शिवाय गरम पाणी काढताना खालून गार पाणी टाकीत शिरतच असतं, त्यामुळे शेवटचे दोन-तीन तांबे कोमटच येतात.

थोडक्यात, वीस मिनिटांत दोन माणसं. घरात दुसरं न्हाणीघर बांधलं असतं तरी या आकड्यात फरक पडला नसता. आमची रांग दारापाशी दिसत होती, पण अडलं होतं टाकीपाशी.

त्यात आम्ही स्वतःच दोन घोळ घालत होतो. नवरा शॉवर घ्यायचा. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जातं. सात मिनिटं उभं राहिलं की साठ-सत्तर लिटर. टाकी पार रिकामी. पुढचं माणूस आत जाऊन कडी लावायचं आणि पाटावर बसून पाणी तापायची वाट बघायचं. दार बंद, आत शांतता, बाहेर आरडाओरडा. दुसरा घोळ काटकसरीचा. सासरे आंघोळ करून बाहेर आले की गिझरचं बटण बंद करायचे. वीज जळते म्हणून. त्यामुळे पुढच्याला नव्याने सुरुवात. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं की वीज जाते ती पाणी तापवण्यात. १५ लिटर एकदा तापवायला साधारण ०.६ युनिट लागतं, मग ते बटण चारदा बंद-चालू करून तापवा नाहीतर सलग तापवा. टाकी तापली की आतला थर्मोस्टॅट पुरवठा स्वतःच तोडतो. दीड-दोन तासांत बाहेरच्या हवेला जी ऊब जाते ती नगण्य. अप्पा बँकेत होते, हिशेब त्यांना लगेच पटला. आता पावणेसहाला तेच चालू करतात आणि साडेसातला तेच बंद करतात. ते काम त्यांचं आहे, दुसरं कुणी बटणाला हात लावत नाही.

बाकीचे नियम साधे. सकाळी शॉवर बंद, बादली. एकदा बादली भरली की नळ बंद, म्हणजे आत आंघोळ चालू असताना टाकी पुन्हा तापत राहते. आमच्या नळाला धार बारीक, बादली भरायला चार मिनिटं लागायची. म्हणून दोन बादल्या ठेवल्या. बाहेर पडणाऱ्याने पुढच्याची रिकामी बादली नळाखाली लावून, नळ सोडून यायचं. पुढचं माणूस कपडे-टॉवेल घेऊन येईपर्यंत ती भरत आलेली असते. गिझरवर लाल दिवा आहे. दिवा विझला म्हणजे पाणी तापलं. टाकी रिकामी झाली असेल तर दिवा विझल्याशिवाय आत जाऊन कडी लावायची नाही. वाट बाहेर बघायची, आणि बाहेर दुसरं काहीतरी काम होतं. या एका नियमाने रोजची पंचवीस मिनिटं वाचली.

एवढा वेळ गिझर चालू ठेवायचा तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. आणि कुणी सुचवलं तरी बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावू नका. जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. छोट्या खिडकीच्या बंद खोलीत माणूस बेशुद्ध पडतं आणि बाहेरच्यांना कळतसुद्धा नाही. माणसं दगावली आहेत. लावायचाच तर तो मोकळ्या गॅलरीत, पाइप आत.

नऊपैकी तिघांच्या आंघोळी संध्याकाळी नेल्या, दोन्ही लहान मुलं आणि भावोजी. हे लिहिलंय तितकं सोपं गेलं नाही. सासूबाईंच्या घरात पारोशाने कुणी वावरत नसे. सकाळी आंघोळ न करता मूल डबा घेऊन शाळेत जाणार, हे त्यांना खरोखर लागलं. मी वाद घातला नाही. त्यांनीच दोन दिवस विचार करून तोडगा काढला: मुलांनी हात-पाय-तोंड धुऊन, स्वच्छ कपडे घालून निघायचं, देवघराला मात्र आंघोळ केलेल्यानेच शिवायचं. लोकलच्या गर्दीतून घामेजून आलेल्या माणसाला रात्रीची आंघोळ जास्त गरजेची असते हे भावोजींनाही पटलं. आता म्हणतात झोप चांगली लागते.

चहा आणि संडासाची रांग

संडासाच्या रकान्यात एक विचित्र गोष्ट दिसली. सव्वासहापर्यंत फारसं कुणी जात नव्हतं आणि साडेसहा ते सात सगळेच. दोन दिवस मला उलगडेना. मग लक्षात आलं, सव्वासहाला मी चहा टाकते. एकाच पातेल्यात, सगळ्यांचा, एकदम.

पोटात गरम काही गेलं की मोठं आतडं हालचाल करायला लागतं. सकाळी उठल्यावर तर जास्तच. डॉक्टर हे सांगतात आणि प्रत्येक घरात "चहा घेतल्याशिवाय होत नाही" म्हणणारं एक तरी माणूस असतं. आमच्याकडे सहा होती. सहा जणांना मी एका वेळी चहा देत होते आणि सहा जणांना एका वेळी कळ येत होती.

आता चहा तीन खेपांत होतो. साडेपाचला सासू-सासरे, त्यांना नाहीतरी लवकर जाग येते. सहाला नवरा आणि मी. साडेसहाला भावोजी आणि जाऊ. मुलांचं दूध सगळ्यात शेवटी. गॅस थोडा जास्त जातो, मला दोनदा जास्त उभं राहावं लागतं, पण पहिल्याच आठवड्यात रांग मोडली. या लेखातली एकच गोष्ट करून बघायची असेल तर ही करा, पैसा लागत नाही.

मोबाइल आत न्यायचा नाही. बेसिनवरच्या फळीवर ठेवायचा. वीस-वीस मिनिटं कमोडवर बसून राहण्याने मूळव्याधीचा त्रास वाढतो. दहा मिनिटांत झालं नाही तर उठावं, पुन्हा कळ आली की जावं. मुलाला हे पटवायला वेळ लागला, नवऱ्याला त्याहून जास्त.

फ्लशची टाकी

एकामागून एक दोघं गेली की दुसऱ्याला फ्लशला पाणी नसायचं. टाकी भरायला सहा मिनिटं लागायची. कधी घाईत तसंच सोडून येणं, मग तिसऱ्याने किळस करणं आणि "कोण गेलं होतं शेवटचं?" हे भांडण. आमच्याकडे निम्मी भांडणं या टाकीपायी होत होती.

एका प्लंबरने बघितलं आणि पूर्ण टाकी बदलायला सांगितली, साडेतीन हजार. आम्ही थांबलो. दुसऱ्या, वयस्कर प्लंबरने टाकीला पाणी देणारा कॉक बंद केला, नळी सोडवली आणि आतल्या बोटभर जाळीतून चिमूटभर रेती आणि गंज काढून माझ्या तळहातावर ठेवला. एवढ्याशा कचऱ्याने सहा मिनिटं लागत होती. सोसायटीची वरची टाकी धुतली की तळाचा गाळ पाइपात येतो आणि अशा जाळ्यांत बसतो. आता टाकी धुतल्यानंतर आम्ही स्वतःच ती जाळी काढून धुतो. कॉक बंद करायचा, नळीची चकती सैल करायची, जाळी जुन्या ब्रशने घासायची, परत लावायची. दहा मिनिटांचं काम. आता टाकी दोन मिनिटांत भरते. तरीही एक भरलेली बादली आणि मग संडासात कायम असतो. बादली रिकामी करणाऱ्याने ती भरून ठेवायची, याला कुणालाही सूट नाही.

आत न करायची कामं

दात घासणं, दाढी, केस विंचरणं, बाळाचं तोंड धुणं हे सगळं पॅसेजमधल्या बेसिनवर आलं. तिथे आधी आरसा नव्हता, म्हणून सगळे आत जात होते. आरसा आणि एक चांगला बल्ब लावला, झालं. आतले कपडे आंघोळीच्या वेळी धुवायची सगळ्यांची सवय होती, ते आता एका वेगळ्या झाकणाच्या बादलीत भिजत पडतात आणि नऊनंतर न्हाणीघर मोकळं झालं की धुतले जातात, ज्याचे त्याने, सुट्टी नसेल तर रात्री. प्रत्येकाची छोटी टोपली आहे, साबण, फेसवॉश, कंगवा काय असेल ते त्यात. आत न्यायची, बाहेर आणायची. न्हाणीघरात कायमचं म्हणून फक्त बादल्या, तांब्या आणि पाट.

अप्पा

हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

वेळापत्रक लागलं होतं त्या आठवड्यातली गोष्ट. पहाटे मी पाणी भरायला उठले तेव्हा न्हाणीघरात दिवा होता. अप्पा खाली बसून, नळाची धार अगदी बारीक सोडून, आवाज होणार नाही अशा बेताने स्वतःचा लेंगा धूत होते. मला बघून म्हणाले, "काही नाही, जरा चहा सांडला." त्या वेळी घरात चहा झालेला नव्हता. आदल्या सकाळी ते पॅसेजमध्ये भिंतीला हात टेकून उभे होते, हे मी पाहिलं होतं. आत मुलगी होती. मी दार वाजवायला गेले तर "असू दे, असू दे, तिची शाळा आहे" म्हणून तेच खोलीत परत गेले होते.

या वयाच्या बहुतेक पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, त्यात साखर. लघवी आली की थांबवता येत नाही आणि बसल्यावर पटकन होतही नाही. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनीही लघवी जास्त होते, अप्पांची तशीच होती. ती कधी घ्यावी हे आम्ही डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं तशी वेळ बदलली. स्वतःच्या मनाने बदलू नका. रात्रीसाठी मेडिकलमधून युरिन पॉट आणला. तो नवऱ्याने त्यांच्या हातात दिला, मी नाही. पहिले आठ दिवस त्यांनी तो पलंगाखाली ढकलून ठेवला होता. मग वापरायला लागले.

आणि नियम केला: अप्पांना रांग नाही. माझी आई नायगावच्या बीडीडी चाळीत वाढली. १६० चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावर सामाईक. नंबर लावायला टमरेल ठेवायची पद्धत. ती सांगते, म्हातारं माणूस किंवा पोटुशी बाई आली की कुणी न सांगता टमरेलं बाजूला व्हायची. चाळीत कुणालाही कुणाच्या आजाराचं नाव विचारावं लागत नसे. आम्ही नऊ जण एका कुटुंबातले असून आम्हाला ते जमलं नव्हतं याची मला लाज वाटली.

आता दारावर टकटक करायची खूण आहे. एक टकटक म्हणजे "किती वेळ?" आतून मिनिटांत उत्तर द्यायचं, "आले", "झालंच" हे चालत नाही. "चार मिनिटं" म्हटलं की बाहेरचं माणूस निवांत होतं. दोन टकटक म्हणजे अप्पा किंवा चिमुरडी. संडासात कुणी असेल तर त्याने शक्य तितकं लवकर बाहेर यायचं, आणि न्हाणीघरात कुणी नसेल तर अप्पांनी लघवीला खुशाल तिथे जायचं, नंतर दोन तांबे पाणी ओतायचं. अप्पा स्वतः कधी दोनदा वाजवणार नाहीत हे आम्हाला माहीत होतं, म्हणून जो कुणी पॅसेजमध्ये असेल तो त्यांच्यासाठी वाजवतो.

आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येणारं लॉक बसवलं आणि कमोडशेजारी भिंतीला स्टीलचा दांडा. वयस्कर माणूस आत पडलं तर दार फोडत बसायची वेळ येऊ नये.

मुलगी

नोंदीच्या कागदावर मुलीचं नाव सकाळी फक्त एकदा असायचं. मला आधी ते कौतुकाचं वाटलं, पोर शहाणी आहे, वेळ घेत नाही. मग एकदा तिला लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पितेस? ती म्हणाली, सकाळी पितच नाही. शाळेतला संडास अस्वच्छ म्हणून तिथे जात नाही, घरात रांग म्हणून घरी जात नाही. पाळीच्या दिवसांत तर बाहेरून काका आणि भाऊ दार वाजवतात म्हणून पॅड बदलायचं टाळायची.

तुमच्या घरात वयात आलेली मुलगी असेल आणि ती बाथरूमबद्दल कधीच तक्रार करत नसेल, तर तिला एकदा शेजारी बसवून विचारा. ती सांगेल असं नाही, पण विचारा.

आम्ही केलं ते असं. सकाळी सहा ते सव्वासहा न्हाणीघर तिचं. त्या पंधरा मिनिटांत दार कुणी वाजवायचं नाही, एकदाही नाही. संडासात झाकणाची कचरापेटी ठेवली, वर फळीवर कागदाच्या पिशव्यांचा गठ्ठा. पेटी रोज रात्री मी किंवा जाऊ रिकामी करतो. याबद्दल घरातल्या पुरुषांशी मी सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत बोलले. भावोजी थोडे खाली बघत होते. पण दुसऱ्या दिवसापासून मुलाला तेच सांगायला लागले, "ताई आत आहे, थांब."

वासाची तक्रार

एवढ्या माणसांचा वापर म्हटल्यावर पाणी तुंबणं आणि वास हे येणारच. न्हाणीघराच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं आणि ते पाणीच खालच्या गटाराचा वास अडवतं. केस आणि साबणाचा चिकटा अडकला की पाणी तुंबतं. आम्ही दर रविवारी जाळी उचलून, हातमोजा घालून केस काढतो आणि दोन बादल्या पाणी सोडतो. आलटून पालटून, पुरुषसुद्धा. गावाला जाऊन आल्यावर घरात वास आला तर घाबरू नका, ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं, बादलीभर ओतलं की वास थांबतो. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आंघोळ झाल्यावर वायपर एकदा फिरवून बाहेर यायचं, फरशी कोरडी राहिली की निम्मा वास तिथेच जातो आणि कुणी घसरत नाही.

नरक चतुर्दशी

खरी परीक्षा दिवाळीत. वर्षातला हा एकच दिवस असा की सगळ्यांना, संध्याकाळवाल्यांनासुद्धा, सूर्य उगवायच्या आत अभ्यंगस्नान हवं. त्यात नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं आलेली. तेरा माणसं.

तेल आणि उटणं लावायचं काम न्हाणीघरातून बाहेर काढलं. हॉलमध्ये जुनी चादर आणि पाट मांडून सासूबाईंनी एकेकाला बसवून तेल लावलं. एकाचं तेल मुरेपर्यंत दुसऱ्याची आंघोळ. गिझर पावणेचारला सुरू. शिवाय स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं होतं, दर दोन माणसांमागे त्यातलं एक तांब्याभर कढत पाणी बादलीत. पातेलं उचलून न्यायचं काम फक्त नवऱ्याचं, आणि ते नेताना मुलं पॅसेजमध्ये नकोत ही सक्त ताकीद. शेवटची आंघोळ माझी, तेव्हा बाहेर अजून अंधार होता. कारीट फोडलं, फराळाला बसलो, आणि अप्पा नणंदेच्या यजमानांना गिझरचा हिशेब समजावून सांगत होते.

जे अजून सुटलेलं नाही

जुलाब. घरात एकाचं पोट बिघडलं की वरचं सगळं कोलमडतं. त्या माणसाला संडास कायमचा द्यावाच लागतो आणि त्याच्यानंतर प्रत्येक वेळी हँडल, लॉक, नळ साबणाने पुसून घ्यावा लागतो, नाहीतर दोन दिवसांत तिघं आडवी होतात. मागच्या पावसाळ्यात भावोजी आजारी होते तेव्हा समोरच्या काकूंनी आपणहून दार वाजवलं आणि त्यांच्या घराची एक किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या एकट्या राहतात. म्हणाल्या, "मुलांना सकाळी इकडे पाठवत जा, मला काय, कुणाचा तरी आवाज होईल." ती किल्ली आमच्या खुंटीवर आहे. काकूंचं पाणी तापवायचं, बाजार आणायचा असेल तेव्हा आमच्यातलं कुणीतरी त्याच किल्लीने दार उघडून जातं.